वकीलबाईंचे अठ्ठेचाळीस टक्के

तालुक्याच्या कुठल्याही कोर्टातली जुनी प्रकरणं परक्या माणसाने चाळली, तर त्याला वाटेल की इथली माणसं जन्माची रोगी आहेत. ज्याला म्हणून कोर्टात यायला उशीर झाला, तो आजारी होता. कुणाला कावीळ, कुणाला विषमज्वर, कुणाची कंबर धरलेली. अपिलाची मुदत टळली की उशिराचं कारण द्यावं लागतं. त्याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. पक्षकाराने तोंड उघडायच्या आत वकील टायपिंगवाल्याला सांगून मोकळा होतो, "लिही, आजारी होता." खोटं बोलायची इतकी सोयीची आणि सगळ्यांना मान्य असलेली जागा दुसरी नसेल.

सेलूच्या ईश्वरी वालूरकरला मात्र ही जागा कधी मानवली नाही. घराणं मूळचं वालूरचं, पण आजोबांपासून सेलूत. बाजारात वडिलांचं, कल्याणरावांचं, दोरखंड, ताडपत्री आणि बारदान्याचं दुकान, आणि दुकानावरच घर. त्या घरातली ही थोरली लेक. काळा कोट चढवून तिला सात वर्षं झाली होती. उशीर झालेला पक्षकार आला की ती त्याला समोर बसवायची, चहा पाजायची आणि खरं कारण बाहेर पडेपर्यंत उठू द्यायची नाही.

चुडाव्याच्या केशरबाईंचं अपील असंच पाच महिने उशिरा आलं होतं. निकालाची नक्कल दिराच्या पेटीत होती आणि म्हशीवरून भांडण होऊन दिराशी बोलणं बंद होतं. "मी कशाला जाऊ त्याच्या दारात मागायला? मेले तरी न्हाई जायची," केशरबाई म्हणाल्या. ईश्वरीने अर्जात तसंच लिहिलं, 'असे की, अर्जदार व तिचे दीर यांचे म्हशीवरून बोलणे बंद होते.' वकिलांच्या खोलीत त्या दिवशी कुणी दुसरं काही बोललंच नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य दोनदा वाचलं, ओठ मिटून हसले आणि माफी दिली. तेव्हापासून बाकीचे वकील आपापले उशीरकर तिच्याकडे धाडू लागले आणि तिच्या माघारी तिला 'माफीवाल्या बाई' म्हणू लागले.

एवढी हुशार बाई, तर परीक्षेत तिने काय दिवे लावले होते? अठ्ठेचाळीस टक्के. ते सुद्धा दोन विषय पुन्हा देऊन.

त्याला कारण तिची खोड. पेपरात एखादा प्रश्न आवडला की ती त्यातच बसकण मारायची. उपप्रश्नाला दहा पानं, दाखल्याला दाखला, मग स्वतःलाच एक शंका आणि त्या शंकेचं निरसन. तेवढ्यात घंटा व्हायची आणि बाकीचे प्रश्न तसेच कोरे. दुसरं म्हणजे, रोज पॅसेंजरने सेलूहून परभणीला जायची ती कॉलेजला, पण अर्धे दिवस जिल्हा कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकत राहायची. शिक्षकांना तिचं तोंड ओळखू यायचं नाही, पण कोर्टातले शिपाई तिला पाणी आणून द्यायचे. निकाल लागला की कल्याणराव पेढे आणायचे, पण पाव किलोच. शेजाऱ्यांना वाटायला पुरले नाहीत म्हणजे टक्के सांगायची वेळ येत नाही, असा त्यांचा व्यापारी हिशेब.

टाळेबंदीच्या दिवसांत कोर्टं बंद होती तेव्हा तिने मोबाइलवर स्कॉटलंडमधल्या एका प्राध्यापिकेचं व्याख्यान ऐकलं. विषय होता, कोर्टात उशिरा पोचणारी माणसं. त्या बाई बोलत होत्या तिकडच्या खाणकामगारांबद्दल आणि विधवांबद्दल, पण ईश्वरीला समोर केशरबाई दिसत होत्या. तिने धीर करून एक प्रश्न लिहून पाठवला. उत्तर आलं, चांगलं लांबलचक. आपण सेलूत बसून जे करतो त्याचा जगात कुणी अभ्यास करतं, हे कळल्यावर तिला रडूच आलं होतं. तिथे जाऊन एक वर्ष शिकायचं, हे तेव्हा डोक्यात शिरलं ते निघालंच नाही.

पुढे काही वर्षांनी तिने मनावर घेतलं. इंग्रजीची परीक्षा दिली, ती निघाली. कल्याणराव म्हणाले, "खर्चाचं माझ्यावर सोड." मग तिने तीन विद्यापीठांना अर्ज केले आणि तिन्हीकडून एकच उत्तर आलं. गुण कमी. चौथं विद्यापीठ त्या प्राध्यापिकेचंच. अट तिथेही साठ टक्क्यांचीच होती, पण खाली एक ओळ होती, ज्यांचे गुण कमी आहेत त्यांनी कारण लिहावं, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही बघितला जाईल.

"हे शेवटचं," तिने घरात सांगितलं. "इथं न्हाई झालं तर विषय संपला."

"संपला म्हणजे संपला," तिची आई नीलम्मा म्हणाली. "मग उदगीरचं ते स्थळ बघायचं."

नीलम्मा उदगीरकडची. पहाटे उठून, आंघोळ करून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची, ती उठली की घराला दिवस उजाडायचा. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण दुकानाच्या गल्ल्यावर बसली की गिऱ्हाइकाने भाव कमी करून मागायची हिंमत करू नये. मुलं तिला अव्वा म्हणत आणि वचकून असत.

आता अर्जात कारण लिहायचं होतं. ईश्वरीने संभाजीनगरला जाऊन परदेशी शिक्षणाची कामं करणाऱ्या रंगनाथ नावाच्या एका सल्लागाराला विचारलं. त्याने गुणपत्रिका बघितली, चष्मा काढला आणि म्हणाला, "मॅडम, आजारपण दाखवा. स्वतःचं नको, तब्येतीवर शंका घेतात. आईचं दाखवा. दोन वर्षं आई अंथरुणाला खिळली होती, सेवा तुम्ही केली. डॉक्टरच्या दाखल्याचं मी बघतो."

ती तिथून उठून आली खरी, पण ज्यांच्या हाताखाली ती वकिली शिकली ते दत्तराव वकीलही तेच म्हणाले. "ईश्वरीबाई, तुमचं म्हशीचं कारण इथं चाललं. तिकडं कोण ऐकणार? आजारपण लावून टाका. आजारपणाला जगात कुठंच कुणी न्हाई म्हणत न्हाई." शिफारसपत्र मात्र त्यांनी मनापासून लिहून दिलं. त्यात तिच्या टक्क्यांचा उल्लेखही केला नाही.

आणि ईश्वरीने आजारपण लिहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्यांच्या कारणांवर इतकी वर्षं अडून बसलेली ही बाई, स्वतःच्या वेळी घसरली. पण तिचा राग तरी कसा करावा? तिच्याकडे कारणच नव्हतं. ना कुणी मेलं होतं, ना घर पडलं होतं. एका प्रश्नात रमले म्हणून बाकीचे राहिले, हे कुणाला सांगायचं? तिने लिहून काढलं की आईच्या दीर्घ आजारामुळे पहिली दोन वर्षं अभ्यास झाला नाही. लिहिताना इंग्रजीही छान जमून गेलं. खोट्याला भाषा लवकर सापडते.

रविवारी जेवणं झाल्यावर नीलम्मा म्हणाली, "काय लिहिलंस ते वाच की. आमाला तरी कळू दे परदेशी लोकाला काय सांगायलीस."

ईश्वरी इंग्रजीतून बघून मराठीत सांगू लागली. कोर्टाचं सांगितलं, केशरबाईंचं सांगितलं आणि मधला परिच्छेद गाळून पुढे गेली. धाकटा भाऊ पंकज, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, खांद्यावरून स्क्रीन बघत होता. तो सहज बोलून गेला, "ताई, अव्वाच्या आजाराचं सोडलंस की."

"कुणाच्या आजाराचं?" नीलम्माने विचारलं.

मग ते सांगावंच लागलं. कल्याणराव सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. नीलम्मा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी दोन वर्षं खाटंवर व्हते?" ती म्हणाली. "मग तुझ्या डब्याला चार वाजता उठून भाकऱ्या कोण थापत व्हतं? पाशिंजर लेट झाली की स्टेशनाच्या बाकड्यावर तुझी वाट बघत कोण बसायचं? तुझ्या अप्पाच्या हातापायाला मुंग्या येऊन गोळ्या चालू व्हत्या त वर्षभर गल्ल्यावर कोण व्हतं? त्या दोन वर्षांत मी तापानं सुदिक पडले न्हाई. पडायला फुरसत न्हवती. आन् तीच वर्षं तू मला निजवून टाकलीस?"

"अव्वा, नुसतं लिहायपुरतं..."

"लिहायपुरतं म्हणजेच की. तिकडच्या लोकाला मी जन्मात दिसणार न्हाई. त्यांना म्हायती व्हईल ती तेवढीच नीलम्मा, आजारी." ती उठली. "तुझे मार्क कमी पडले ते तुझ्या खोडीनं पडले. माझ्यानं न्हाई. खरं लिही, न्हाईतर लिहू नको."

ती आत गेली. पंकज काहीतरी विनोद करणार होता, पण कल्याणरावांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. ईश्वरीला शरमेने वर बघवेना. आईला न विचारता आपण तिचं सगळ्यात राबणुकीची वर्षं पुसून टाकली, हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलं सुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर ती वकिलांच्या खोलीत बसली आणि तिने सगळं नव्याने लिहिलं. पण घोडं पेंड खातं ते सवयीच्या ठिकाणी. आत्मनिवेदन कसं असतं, त्यात लहानपणचं स्वप्न वगैरे कसं लिहितात, हे ती विसरूनच गेली. हातून उतरला तो सरळ विलंब माफीचा अर्ज. परिच्छेदांना आकडे, आणि इंग्रजीत का होईना, प्रत्येकाची सुरुवात 'असे की'. असे की, अर्जदारास एकच प्रश्न लिहीत बसण्याची सवय आहे. असे की, अर्जदार वर्गात कमी व कोर्टात जास्त हजर होती. असे की, सदर काळात अर्जदाराची आई ठणठणीत होती व अर्जदाराचा डबा एकही दिवस चुकला नाही, सबब घरच्यांकडे कोणताही दोष नाही. शेवटी मागणी, की कमी गुणांबद्दल माफी मिळून अर्ज दाखल करून घ्यावा. त्याखाली, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, ठिकाण सेलू. आणि सही.

पाठवून झाल्यावर पंकजने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "ताई, हे कॉलेज हाय. तू त त्यांच्यावर दावा लावलीस."

आता ईश्वरीलाही ते दिसलं. पण गेलेला अर्ज परत येत नाही.

तीन आठवडे काही आलं नाही. मग मुलाखतीचा निरोप आला, लॅपटॉपवरून, दुपारच्या वेळी. दुकानाच्या वरच्या खोलीत, ताडपत्रीच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून ती काळा कोट घालून बसली. खाली बाजार भरलेला. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्याचा भोंगा नेमका दुकानासमोर उभा राहिला, तेव्हा कल्याणरावांनी खाली जाऊन त्याला घरातली दोन चांगली धोतरं दिली आणि पुढच्या गल्लीत धाडलं. नीलम्मा दाराआड पाट टाकून बसली. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकीचा आवाज कळत होता.

पडद्यावर त्या प्राध्यापिका होत्या, सोबत आणखी एक गृहस्थ. बाई हसून म्हणाल्या, "असा अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आला. तुम्ही माफी मागता, पण दोषही स्वतःचाच लिहिता. मग आम्ही माफ का करावं?"

बस्स. तो प्रश्न ईश्वरीला आवडला.

ती म्हणाली की आमच्याकडे माफी मागणारा निर्दोष असावा लागत नाही, त्याने लपवू नये एवढंच. मग केशरबाई आल्या, म्हैस आली. मग तिला स्वतःलाच शंका आली, की दोष कबूल करणं हीसुद्धा एक युक्ती होऊ शकते, आणि ती त्या शंकेच्या मागे गेली. दोन जुने निकाल आले. परत येताना आणखी एक शंका भेटली. बाई पुढे झुकून ऐकत होत्या, गृहस्थ घड्याळ बघत होते. वेळ संपली तेव्हा त्या गृहस्थांनी आपले प्रश्न लिहिलेला कागद उलटा करून ठेवला. त्यातला एकही त्यांना विचारता आला नव्हता.

ईश्वरीने लॅपटॉप मिटला आणि कोटासकट गठ्ठ्यावर आडवी झाली. "परत तेच केलं मी, अव्वा. परत तेच."

"किती प्रश्न इचारले?" नीलम्माने दारातून विचारलं.

"एकच."

"मग बरं झालं की. तुला एकच येतो."

यावर हसावं की रडावं हे ईश्वरीला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. घरात सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली की आता हे संपलं. दत्तराव म्हणाले, आजारपण लावलं असतं तर झालं असतं. नीलम्मा उदगीरच्या स्थळाचं बोलली नाही, पण मुलाचा फोटो देवळीत आणून ठेवला. कल्याणराव तेवढे खुशीत दिसू लागले, दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना चहा सांगू लागले.

निरोप आला तो बुधवारी, ऐन दुपारी. ईश्वरी कोर्टातून जेवायला घरी आली होती आणि नीलम्मा सुपात तुरीची डाळ निवडत होती. ईश्वरीने मेल एकदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला आणि तिसऱ्यांदा मराठीत सांगितला. त्यांनी घेतलं होतं. सात वर्षांचा अनुभव गुणांच्या जागी धरला होता. फक्त एक अट होती, पहिल्या सत्राआधी वेळेत उत्तरं लिहिण्याचा एक छोटा वर्ग करायचा.

नीलम्माने सूप खाली ठेवलं. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग पुन्हा सूप घेतलं, पण हात डाळीवरून नुसताच फिरत राहिला.

"अव्वा, तुला आनंद न्हाई झाला?"

"झाला की." ती खाली बघूनच म्हणाली. "पण एक सांगू का, माय. मी तुला खरं लिही म्हणाले, ते मला झोंबलं म्हणून म्हणाले. ते खरंच हाय. पण निम्मं ते व्हतं. निम्मं मनात असं व्हतं की खरं लिहिल्यावर तुला कोण घेतंय. राहील इथंच, माझ्याजवळ."

ईश्वरीने आजवर शेकडो माणसांची कारणं ऐकली होती. अर्धी खोटी, अर्धी खरी, काही हात जोडून सांगितलेली. इतकं खरं कुणी तिला, न विचारता, सांगितलं नव्हतं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, आणि नीलम्मा, जिला मुलांनी कधी रडताना बघितलं नव्हतं, तीही रडायला लागली. डाळ सांडली ती सांडली.

त्याच वेळी कल्याणराव जेवायला जिना चढून वर आले. दारातच त्यांना मायलेकी गळ्यात पडून रडताना दिसल्या, शेजारी उघडा मोबाइल. व्यापारी माणूस, एका नजरेत सगळं समजलं असं वाटणारा. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे बेटा," ते म्हणाले. "न्हाई म्हणाले त न्हाई म्हणाले. त्यांचं नशीब खोटं. आपल्या सेलूत काय कमी हाय? उद्या खाली दुकानाच्या बाजूची खोली रिकामी करून देतो, तुझं हापिस टाक. मी बोर्ड सुदिक सांगून ठेवलाय रंगवायला."

बोलता बोलता त्यांचा चेहरा असा उजळला होता की तो झाकायचंही त्यांना भान राहिलं नव्हतं. बारदान्याचा भाव चढल्यावर सुद्धा कल्याणराव एवढे खूश कुणी बघितले नव्हते. ईश्वरीने डोळे पुसून आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे. दोघींपैकी कुणालाच तोंड उघडवेना. कल्याणराव ताटावर बसले आणि बोर्डावर नाव कुठल्या रंगात लिहायचं, ते विचारू लागले.